कोऱ्या बिलावरचा शिक्का

मित्रांनो, टाचण्या, सुतळीचे तुकडे आणि शाई संपलेली पेनं यांच्या गर्दीत, एका लाकडी खणात पडलेला मी एक जुना रबरी शिक्का आहे. मूठ सागवानाची, तळ रबराचा आणि तळावर उलटी अक्षरं: 'रूपचंद आणि मंडळी, सुक्या मिरचीचे व्यापारी, नंदुरबार'. अक्षरं उलटी म्हणून मला कमी समजू नका. कागदावर टेकलो की ती सुलट होतात. माणसांचं कधी कधी याच्या नेमकं विरुद्ध असतं. ते मला कसं कळलं, तेवढंच आज सांगायचं आहे.

१९९१ सालच्या दसऱ्याच्या आधी धुळ्याच्या एका कारागिराने मला घडवलं. रबर तापवून साच्यात दाबलं, कडा ब्लेडने साफ केल्या आणि वरची बाजू बोटाला कळावी म्हणून मुठीवर एक पितळी टाचणी ठोकली. दसऱ्याला रूपचंदबापूंनी तराजूसोबत माझीही पूजा केली. त्याच आठवड्यात हिलालनाना दुकानात मुनीम म्हणून रुजू झाले. तेव्हा ते एकोणतीस वर्षांचे होते आणि मी आठ दिवसांचा. आम्ही दोघे एकदमच कामाला लागलो.

तुमच्या घरच्या तिखटात आमच्या नंदुरबारची मिरची असेलच. हंगामात गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर ती वाळत पडते, तेव्हा वाऱ्याची दिशा बदलली की सगळी पेठ शिंकते. वाळलेली मिरची पोत्यात भरताना मोडते, म्हणून भरण्याआधी तिच्यावर पाण्याचा हबका मारतात. ते पाणी रस्त्यात उडून जातं. त्यामुळे इथे भरलेलं वजन सुरतेला पोचेपर्यंत घटतं. यावर बापूंनी आपली एक रीत बसवली होती. बिलावर गिऱ्हाइकाचं नाव आणि मालाची जात लिहायची, खाली सही करून मला टेकवायचं आणि वजनाची जागा कोरी सोडायची. सुरतेचा व्यापारी आपल्या काट्यावर माल तोलायचा आणि तो आकडा त्या कोऱ्या जागेत भरायचा. पुढे गाडीसोबत ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा सरकारी ऑनलाइन परवाना, काढावं लागू लागलं. त्यात नाना अंदाजाचं वजन टाकत, पण बिल कोरंच जाई.

कोरा कागद आणि त्यावर मी! केवढा विश्वास हा! समोरचा वाटेल तो आकडा भरू शकला असता, पण कोणी भरला नाही. माझा ठसा म्हणजे बापूंचा शब्द, असं पेठेत म्हणत. मला त्याचा गर्व होता आणि तो मी लपवत नाही.

मला हाताळायचे ते नानाच. आधी कागद पूर्ण वाचायचे, मग मला पॅडवर दोनदा टेकवायचे, टाचणी वर आहे का ते अंगठ्याने पाहायचे आणि मग सरळ ठसा उठवायचे. बापूंनी अंथरूण धरलं तेव्हा त्यांनी मला नानांच्या हातात दिलं. म्हणाले, "हिलाल, हेमकांत मन्हा पोऱ्या शे, पण उतावळा शे. शिक्का तुन्हाकडेच ऱ्हाऊ दे." हेमकांतशेठ तेव्हा तिथेच उभे होते. त्यांनी मान हलवली.

बापू गेले. धंदा मात्र वाढत गेला आणि एका वर्षी उलाढाल पाच कोटींच्या वर गेली. २०२३च्या जुलैमध्ये कर सल्लागारांचा फोन आला, की एक ऑगस्टपासून तुम्हाला ई-इन्व्हॉइस बंधनकारक आहे. सोप्या भाषेत सांगतो. व्यापाऱ्याने दुसऱ्या व्यापाऱ्याला दिलेलं प्रत्येक बिल आधी सरकारच्या पोर्टलवर नोंदवायचं. तिथून एक लांबलचक नंबर आणि एक चौकोनी कोड मिळतो. तो छापलेला असेल तरच ते बिल खरं, नाहीतर कागदाला किंमत नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे हे सगळं गाडी हलायच्या आत व्हायला हवं. तो चौकोनी कोड मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, मुंग्यांचं वारूळ फुटलंय. यात ना नाव, ना गाव, याला कोण विचारणार? पण विचारायचे ते त्यालाच.

शेठची मुलगी मयूरी नाशिकला वाणिज्य शिकत होती. ती सुट्टीत आली आणि दुकानाची तयारी तिने अंगावर घेतली. मला वाटलं होतं, साठी उलटलेले नाना हात वर करतील. पण त्यांनी चष्म्याचा नंबर बदलून घेतला आणि तिच्या शेजारी स्टूल ओढलं. सगळ्या गिऱ्हाइकांचे जीएसटी नंबर, पत्ते आणि पिनकोड त्यांनी फोन करकरून तपासले. एका बोटाने टाइप करायला शिकले. आमची बिलं 'श्री' लिहून सुरू होत. पोर्टल ते 'श्री' घेईना. मयूरी हिरमुसली, कारण आजोबांची रीत मोडत होती. नाना म्हणाले, "मशीनले नही चालत ना? मंग आपुन छापेल कागदवर पेनघाई लिखू." तेव्हापासून छापून आलेल्या प्रत्येक बिलाच्या माथ्यावर ते पेनाने 'श्री' लिहीत.

वजनाचा प्रश्न राहिला होता. तोही त्या दोघांनीच सोडवला. इथल्या काट्यावर भरेल त्याच वजनाचं बिल करायचं, आणि सुरतेला घट आली तर तेवढ्याची क्रेडिट नोट, म्हणजे रक्कम वजा केल्याची चिठ्ठी, द्यायची. मयूरीने भिंतीवर कागद चिकटवला: 'आधी वजन, मग नंबर, मग गाडी.' जुनी बिलबुकं नानांनी रद्दीत काढली. शेठनी त्यातलं एक परत उचललं. "ऱ्हाऊ द्या. अडीअडचनले कामी येई." नानांना ते आवडलं नाही, पण मालकापुढे ते बोलले नाहीत. मित्रांनो, तिथेच बोलायला हवं होतं.

ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर हे तिन्ही महिने बिनबोभाट गेले. छापलेल्या बिलावर माझी गरज नव्हती, तरी नाना मला सवयीने एकदा टेकवायचे. माझं मन राखायचे, म्हणा ना. दिवाळी झाली, मयूरी परीक्षेला नाशिकला गेली आणि मिरचीचा हंगाम जोरात आला.

एका सकाळी गटारीच्या खोदकामात केबल तुटली आणि पेठेतलं इंटरनेट बंद पडलं. मोबाईल चालू होते, पण बिलाचा नंबर काढायची सोय दुकानात फक्त संगणकावर होती. दारात छगन ड्रायव्हरची गाडी भरून उभी. सुरतेच्या व्यापाऱ्याचा तिसरा फोन येऊन गेलेला. तो म्हणत होता, पूर्वीसारखं पाठवा, वजन मी भरतो. शेठच्या जुन्या सवयीला तेवढं निमित्त पुरलं. ई-वे बिल त्यांनी आपल्या मोबाईलवर अंदाजाने काढलं आणि ते जुनं बिलबुक टेबलावर आपटलं.

"नाना, शिक्का मारा. आकडा तो भरी ली."

नानांनी हात मागे घेतला. "भाऊ, नंबर बिगर गाडी काढता येत नही. पोरीले फोन करा, ती नाशिकथून काढी दी. नही ते सांजलोंग थांबा."

"इतलं काय बिघडनार शे? बापू तीस वरीस कोरंच धाडेत."

"बापूना टाइमले चालत व्हतं. आते नही चालत. मी शिक्का नही मारस."

 मग शेठनी नानांच्या समोरून मला उचललं, पॅडवर रगडलं आणि त्या कोऱ्या बिलावर दाबलं. टाचणी कुठे आहे हेही पाहिलं नाही. मी उलटा उठलो. बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच. छगनने कागद खिशात घातला आणि गाडी निघाली.

नवापूरच्या अलीकडे करखात्याच्या फिरत्या पथकाने ती अडवली. नंबर नाही, चौकोनी कोड नाही आणि वजनाच्या जागी नुसता पांढरा कागद. दुसऱ्या दिवशी एक अधिकारी दुकानात आले. माणूस शांत होता. त्यांनी बिल टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "हे कोणी दिलं?"

नाना त्यांच्या जागेवर बसले होते. शेठ एक क्षण थांबले. तो क्षण मला आजही आठवतो, कारण तेवढ्या वेळात मला खात्री होती की ते खरं सांगतील. बापूंचा मुलगा होता तो.

"मुनीमनी," शेठ म्हणाले. "मले माहीतच नव्हतं."

"तसं लिहून द्या. सही-शिक्क्यासह."

शेठनी लिहिलं. 'सदर बिल आमचे कर्मचारी हिलाल यांनी आमच्या परवानगीशिवाय परस्पर दिले.' आणि मित्रांनो, त्या वाक्याखाली त्यांनी मला टेकवलं. या वेळी नीट, टाचणी वर ठेवून. ज्या माणसाने मला बत्तीस वर्षं जपलं, त्याच माणसाविरुद्ध माझा ठसा उठला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि तो केस मी होतो. मला रबराऐवजी जीभ असती तर मी तिथेच ओरडलो असतो.

नाना ओरडले नाहीत. अधिकारी गेल्यावर ते एवढंच म्हणाले, "भाऊ, मन्हा समोर लिखं तुम्ही." मग चष्मा डबीत ठेवून, चप्पल घालून ते निघून गेले. दंड टळला नाहीच. तो दुकानाला भरावा लागला. वाचलं ते फक्त शेठचं नाव. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली, आणि त्यात कोणाचंच भलं झालं नाही.

परीक्षा संपवून मयूरी परतली. तिने बाबांना सरळ विचारलं, "नाना असं करूच शकत नाहीत. शिक्का कोणी मारला?" शेठ म्हणाले, "मंग मन्हं नाव लिखू का? पेठमा तोंड कसं दाखाडू?" मयूरीने भिंतीवरच्या त्या कागदाकडे पाहिलं. मला वाटलं, ही आता बोलेल. पण ती संगणकापुढे बसली आणि तिने नानांचा पासवर्ड बंद केला. तिचे डोळे भरले होते, हे मी पाहिलं. पण भरलेल्या डोळ्यांनी नानांचं काय होणार होतं? शेठचा मला राग आला. तिचं मात्र दुःख झालं, आणि ते अजून गेलेलं नाही.

पेठेत बातमीला पाय फुटले. कोणी म्हणालं, हिलाल कोरी बिलं विकत होता. नाना तीन अडत्यांकडे काम मागायला गेले. तिघांनी पाणी दिलं, चहा दिला, काम दिलं नाही.

महिनाभराने त्यांची बायको कोकिळाबाई दुकानात आली. डोक्यावरचा पदर नीट करून ती उंबऱ्याशीच उभी राहिली. पैसे मागायला आली असेल असं शेठना वाटलं, त्यांनी गल्ल्याकडे हात नेला.

"पैसा नको, भाऊ," ती म्हणाली. "मन्हा माणूस घरथून बाहेर पडत नही. माले एक कागद द्या. त्यानी ते बिल दिनं नव्हतं, इतलंच लिखा. खाले शिक्का मारा. मी पेठमा दाखाडसू, बस."

 मी शेठच्या गुडघ्याजवळच्या याच खणात होतो. सकाळीच कुरिअरच्या पावतीवर त्यांनी मला वापरलं होतं, माझ्या अंगावरची शाई अजून ओली होती. खण ओढायचा, मला उचलायचं आणि एकदा टेकवायचं, एवढंच होतं. मी सगळा जीव मुठीत आणून वाट पाहिली.

"कोकिळाबाई," शेठ म्हणाले, "आते शिक्का चालत नही. बठ्ठं कॉम्प्युटरवर व्हयी गयं."

तिला पोर्टल माहीत नव्हतं, नियम माहीत नव्हता. तिला ते खरं वाटलं. "मंग त्या कॉम्प्युटरमाच लिखी द्या ना, भाऊ," ती म्हणाली. शेठ पुढ्यातले कागद चाळू लागले. थोडा वेळ थांबून ती गेली.

मित्रांनो, मला पुन्हा कामाला लावा असं मी म्हणत नाही. नवा नियम चांगलाच आहे. तो पाळला असता तर हे घडलंच नसतं. माझी विनंती वेगळी आहे. उद्या तुम्ही मोठे व्हाल, दुकानं चालवाल, कचेऱ्यांत बसाल. तुमच्याकडे शिक्का असेल, सही असेल, नाहीतर पासवर्ड असेल. ते दुसऱ्याच्या नावाखाली उमटवण्याआधी त्या माणसाच्या तोंडाकडे एकदा पाहा. आणि तुमच्यापैकी कोणी या दुकानात आलं, तर कृपा करून हा खण उघडा आणि शेठना सांगा, की शिक्का चालतो. एका ठशापुरता तरी अजून नक्की चालतो.