कुंडीतलं सोटमूळ

सकाळपासून अकरा पानं गळली होती. काशीरामानं ती ओटीवर चाचपत बोटांनीच मोजली, कारण एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती आणि दुसऱ्यात पिकलेला मोतीबिंदू. दिवाळी झाल्यावर मुंबईला जाऊन त्यानं ऑपरेशन करून घेतलं होतं. निघताना डॉक्टरांनी चांगला दम भरला होता: दोन महिने वाकायचं नाही, जड उचलायचं नाही आणि मातीत हात तर घालायचाच नाही. आता जन्मभर माळीकाम केलेल्या माणसाला मातीत हात घालू नको म्हणणं म्हणजे काय, ते त्या डॉक्टरांना कोण सांगणार!

मलबार हिलच्या एका बंगल्यात तो बावीस वर्षं माळी होता. बंगल्याच्या पारशी बाईंना बोन्सायचं वेड. मुळं कुठं छाटायची, फांदीला तार कशी गुंडाळायची, सगळं बाईंनी त्याला हाताला धरून शिकवलं. बायको मंजुळा मात्र चिडवायची, "साऱ्या दुनियेची झाडं वाढवता, आपलं म्हणून एक तरी हाय काय?" आणि एक दिवस तिनंच गटाराच्या भिंतीतून चार पानांचा पिंपळ उपटून आणला. बोधिवृक्षाचं रोप, म्हणून दोन्ही हातांत धरून आणला. "हे घ्या. हे आपलं." पुढं दोन वर्षांत ती गेली. काशीरामानं नोकरी सोडली आणि एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात ती कुंडी घेऊन तो महाडजवळच्या आपल्या गावी परत आला. त्याला आता दहा वर्षं झाली. पिंपळ वीतभरच राहिला, पण खोड कसं अगदी म्हाताऱ्या झाडाचं! गाव त्याला 'काशीरामाचा बुटका' म्हणायचं.

मुंबईला गेला ते आठ दिवस त्यानं बुटका धोंडूच्या ओटीवर ठेवला होता. दुसऱ्या कुणाच्या हाती दिलाच नसता. धोंडू त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, पोस्टातून रिटायर झालेला. काशीराम परत आला त्या दिवशी धोंडूनं स्वतः कुंडी आणून जागेवर ठेवली, आणि त्याच आठवड्यात पानं पिवळी पडायला लागली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी धोंडू यायचा. काशीरामाच्या हाताला धरून त्याला विहारापर्यंत नेऊन आणायचा, मग दोघं कुंडीशी बसायचे.

"पिवळी कुठली पडलीत? खालची का शेंड्याची?"

"सगळीकडची, रे."

"शिरा हिरव्या हायत का त्यापण गेल्या?"

धोंडू पान उलटून बघायचा. "हिरव्या... नाय, पिवळ्याच."

"पानाच्या पाठीला कीड? जाळी?"

"काय नाय."

"मग पाणी जास्त होतंय. चार दिवस हात आखडता घे."

चार दिवस पाणी कमी केलं. फरक नाही. ऊन कमी पडत असेल म्हणून कुंडी चार दिवस अंगणात ठेवली. फरक नाही. पानगळ असेल, असं धोंडू म्हणाला, तेव्हा काशीराम तापलाच. "पिंपळ फाल्गुनात गळतो, मार्गशीर्षात नाय! मला शिकवतोस?" धोंडू खोडाभोवतीचं ओलं गोणपाट नीट करत बसला. खोड वरून सुकतंय म्हणत त्यानं ते पहिल्याच दिवशी गुंडाळलं होतं, आणि रोज स्वतः भिजवायचा. कोण करतं हो एवढं दुसऱ्याच्या झाडाचं! काशीरामाला भरून यायचं.

"धोंडू नसता तर झाड कधीच गेलं असतं," तो साळूबाईला म्हणाला. साळूबाई त्याची थोरली भावजय, विधवा. त्याचं जेवणखाण तीच बघायची.

"मी म्हणते, सवच्या गरम झऱ्याच्या कुंडाचं पाणी आणून घाला. माणसाची खरूज जाते, तर पानाचं दुखणं का नाय जाणार?"

"पिंपळाला काय खरूज झालीय, वयनी?"

"हसा, हसा." मग कपडे पिळता पिळता तिनं सांगितलं, "मैनेची बदली झाली म्हणे, भावोजी. पोलादपूरच्या डोंगरातनं थेट महाडला. दोन वर्षं अर्ज करून थकली पोर, आणि आता महिन्याभरात ऑर्डर!"

मैना धोंडूची लेक, मास्तरीण. काशीरामाला मनापासून आनंद झाला. पण रोज शेजारी बसणाऱ्या धोंडूनं एवढी गोष्ट सांगितली नाही, हे त्याला कुठंतरी लागलं. विसरला असेल, त्यानं मनाची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी साळूबाई नदीवर गेली आणि काशीरामानं डॉक्टरांना खुंटीवर टांगलं. पान काय सांगायचं ते सांगून झालं, आता मुळालाच विचारायचं. कुंडी मांडीशी ओढली, कडेनं खुरपी फिरवली आणि कलती केली.

जुन्या बोन्सायची माती सुटत नाही. मुळांची गच्च जाळी होते, अख्खा गोळा कुंडीच्या आकारात बाहेर येतो. इथं माती भसकन मांडीवर सांडली. मुळं कुजून गेली की काय? तो घाईघाईनं चाचपू लागला, आणि हाताला एक जाड मूळ लागलं. अंगठ्याएवढं, सरळ खाली गेलेलं आणि टोकाला तिरपं तोडलेलं. कोयत्याचा एक घाव, नवा.

सोटमूळ!

बुटक्याचं सोटमूळ त्यानं स्वतः छाटलं होतं, मंजुळेच्या समोर. "दुखत असंल ओ त्याला," म्हणत तिनं डोळे मिटून घेतले होते. एकदा छाटलेलं सोटमूळ परत कुठनं येणार? काशीरामानं गोणपाट ओरबाडलं. बुटक्याच्या खोडात तारेनं एक खोल खूण पडली होती. रोज सकाळी त्या खुणेवर अंगठा ठेवायची त्याची सवय. आता त्यानं अंगठा वरपासून खालपर्यंत दोनदा फिरवला. खोड गुळगुळीत होतं.

हे झाड त्याचं नव्हतं. कुणीतरी बांधावरनं उपटून त्याच्या कुंडीत कोंबलं होतं, म्हणून बिचारं पिवळं पडत होतं. आणि ते कुणी केलं, हे विचारायला दुसऱ्या कुणाकडे जायची गरज नव्हती.

त्यानं माती भरली, गोणपाट पहिल्यासारखं गुंडाळलं आणि वाट बघत बसला.

धोंडू नेहमीच्या वेळी आला. काशीराम म्हणाला, "गोणपाट सरकवून तारेची खूण बघ जरा. तिथनं चीक येतोय काय?"

गोणपाट सरकल्याचा आवाज आला. "नाय, रे. खूण चांगली हाय."

अजून एक क्षण काशीरामाला वाटत होतं, आता सांगेल. आता तरी सांगेल. मग तोच म्हणाला, "मैनेची बदली झाली म्हणे."

धोंडूचा बांध फुटला. "शिक्षण खात्याचा बदल्यांचा साहेब आला होता गावात. ओटीवर तुझं झाड बघितलं आणि हललाच नाय. असलं आपल्याला मिळेल काय, म्हणाला. पोर दोन वर्षं त्या कशेडी घाटाच्या अंगाला एकटी राहतेय, काशा. पावसाळ्यात घाट बंद झाला की तिची खबर नाय मिळायची आम्हांला."

"मला का नाय विचारलंस?"

"तू दिलं नसतंस."

खोटं काशीरामाला बोलवेना.

"नसतं दिलं," तो म्हणाला. "मंजुळेचं झाड मी नसतं दिलं. भांडलो असतो, तुझी आयमाय काढली असती. पण धोंडू, महिनाभर तू माझे डोळे झालास! मी रोज विचारतोय आणि तू रोज दुसऱ्याच झाडाचं दुखणं मला सांगतोयस. विहारात मला हाताला धरून नेत होतास, रे! जीभ कशी नाय झडली तुझी?"

"काशा, ऐक..." धोंडूनं सवयीनं त्याचा हात धरला. काशीरामानं तो काढून घेतला.

"ऊठ माझ्या ओटीवरनं."

त्या रोपाचा काही गुन्हा नव्हता. काशीरामानं साळूबाईकडून परसात खड्डा काढून घेतला आणि ते जमिनीत लावलं. उरलीसुरली पानं चार दिवसांत गळाली. विहारात तो साळूबाईबरोबर जायला लागला, आणि माघात तिच्याबरोबरच एस्टीनं महाडला जाऊन जाड भिंगांचा चष्मा घेऊन आला. घरी आल्यावर आधी ओटीवरची रिकामी कुंडी दिसली. तिच्याकडे तो फार वेळ बघू शकला नाही.

तो परसात गेला. उघड्या काडीच्या शेंड्याला दोन तांबूस पानं फुटली होती, नखाएवढी, ओली.

कुंपणापलीकडे धोंडू उभा होता. दाढी वाढलेली, पार पांढरी.

"काशा," तो हळूच म्हणाला, "फुटलं काय रे?"

काशीरामानं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. पानांकडे नीट बघितलं. मग धोंडूकडे बघितलं.

"मला नाय दिसत," तो म्हणाला आणि घरात गेला.