मार्लिसचे एक्क्याण्णव टक्के

अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कॉफी गार होत होती आणि सगळे भिंतीवरच्या पडद्याकडे डोळे लावून बसले होते.

"ठीक बारा वाजता," ड्वाइट रस्क हात उंचावून गरजला, "मार्लिसचा आकडा नव्वद पार करणार!"

बारा वाजले. चौऱ्याऐंशीचे अठ्ठ्याऐंशी झाले आणि बघता बघता एक्क्याण्णव! लोकांनी टोप्या उडवल्या. ड्वाइटचा शब्द खरा ठरायची ही तिसरी वेळ.

पडद्यावर होतं ते निवडणुकीत कोण जिंकणार यावर पैसे लावायचं संकेतस्थळ. जिचा भाव एक्क्याण्णव, तिची जिंकायची शक्यता एक्क्याण्णव टक्के, असं आम्ही धरून चाललो होतो. ड्वाइट पूर्वी ट्रॅक्टर विकायचा, आता भविष्य विकत होता. "पेपरवाले खोटं बोलतात. पैसा बोलतो का खोटं? बाजाराला सगळं आधीच कळतं!"

मार्लिस ट्वाइट आमच्या गावची नर्स. इस्पितळातला बाळंतपणाचा विभाग बंद पडला आणि तिच्या लेकीला साठ मैल दूर न्यावं लागलं. वाटेतच बाळ गेलं. तो विभाग पुन्हा सुरू करायचा म्हणून मार्लिस काँग्रेससाठी, म्हणजे अमेरिकेच्या संसदेसाठी, उभी राहिली होती.

मी शाळेची बस चालवतो. ज्यांना स्वतःहून मतदानाला जाता येत नाही, अशा एकशे चाळीस म्हाताऱ्यांची यादी माझ्याकडे होती. त्यांना न्यायला मी गाड्या ठरवल्या होत्या.

"गेलन, कशाला थंडीत हाडं मोडून घेतोस?" ड्वाइट म्हणाला. "जिंकलोय आपण. त्यापेक्षा चार पैसे लाव."

मी पैसे लावले. आणि गाड्या रद्द केल्या. त्या माझ्या हातानं रद्द केल्या, ड्वाइटनं नाही.

मतदानाच्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला हौगेन बाई हॉलमध्ये आल्या. अर्ध्या गावाला त्यांनी गणित शिकवलंय.

"गाड्या कुठायत, गेलन?"

"गरज काय, बाई? आज त्र्याण्णववर आहे."

त्यांनी फोन काढला. "आता पडद्याकडे बघ." त्यांनी मार्लिसच्या विरोधकावर दोनशे डॉलर लावले. त्र्याण्णवचे अठ्ठ्याऐंशी झाले.

"आत्ता या घडीला मतदारसंघात कुणाचं मन बदललं का रे? फक्त माझी पर्स हलकी झाली. एवढ्याशा बाजारात दहाबारा जण पैसे लावतात. एकानं जोर लावला की आकडा हलतो. आणि हे बघा." त्यांनी पान खाली सरकवलं. खाली व्यवहारांची यादी होती. आम्ही तिथवर कधी गेलोच नव्हतो. तिन्ही चमत्कारांच्या दिवशी, ठीक बाराला, एकच खरेदीदार. आणि भाव चढला की आम्हाला विकणाराही तोच.

"ड्वाइट, हे खातं कुणाचं?"

"बाई, तुम्हाला बाजारातलं काय कळतंय!" तो हसला, पण कुणी साथ दिली नाही. "बायकोच्या नावावर आहे," तो शेवटी पुटपुटला. "स्वस्तात घेतलं, महागात विकलं. त्यात काय गुन्हा?"

त्याच्याशी भांडायलाही वेळ नव्हता. आठला मतदान बंद होणार होतं. आम्ही धावलो. बावीस जणांना नेता आलं.

यादीतले ऑरविल स्टेन्सन एक्क्याण्णव वर्षांचे. मी पोचलो तेव्हा आठला पाच कमी होते, आता केंद्र गाठणं शक्य नव्हतं. अंगात कोट, गळ्यात टाय.

"सकाळपासून बसलोय," ते म्हणाले. "मग तुझा निरोप आला, गरज नाही म्हणून. मला वाटलं, माझ्याच मताची गरज नाही."

मी त्यांच्या दारात उभा राहून रडलो. त्यांनीच मला आत घेतलं.

मार्लिस अठ्ठावन्न मतांनी हरली. फेरमोजणीतही तेवढ्यानंच. तिनं कुणाला दोष दिला नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी कामावर गेली आणि बंद विभागाच्या दारावरून न बघता पुढे गेली, असं लोक सांगतात.

चमत्कार म्हटलं की आपल्याला अंगारा-धुपारा आठवतो. आमच्याकडे तो टक्क्यांच्या चिन्हासकट आला, म्हणून आम्हाला तो शास्त्र वाटला. तो निव्वळ भाव होता, ज्याच्या खिशात पैसे होते त्यानं ठरवलेला. कुणी तुम्हाला उद्याचा आकडा दाखवला, तर तो कोण हलवतंय ते आधी विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत, कृपा करून, हातातलं काम सोडू नका.