एकच सुट्टी

रंभाबाई लाखोरीच्या डाळीची पिशवी घेऊन दारात आल्या, तेव्हाच कुंताबाईनं ओळखलं, काम पलटणीतलं आहे. नवरा चंद्रकुमार फौजेत सुभेदार झाल्यापासून असंच चाललं होतं. त्याच्या कंपनीत भंडाऱ्याकडची काही पोरं होती. त्यांच्या आया, बायका आपलं गाऱ्हाणं थेट आसगावला आणून टाकत.

"सुभेदारीणबाई, रुचिकाले, माह्या सुनंले, आठवा लागला," ओसरीवर टेकत रंभाबाई म्हणाल्या. "बीपी लय वाढून राहिला. डाक्टर म्हणते, झटके बी येऊ शकते. साहेबाले म्हना, पोट्ट्याले धाडा."

"वीरेंद्र सोता सुट्टी काहून नाही मागत, मावशी?"

"थो कायचा मागते! बहिनीच्या लगनाले महिनाभर राहून गेला, आता कोनत्या तोंडानं मागन? अन् रुचिकानं त्याले सांगतलंच नाही, फिकीर करन म्हणून. मीच चोरून आली." चहा संपवून त्या उठल्या. "तुमचं बरं हाये, बाई. मोठा साहेब, मनात आलं का घरी!"

कुंताबाईनं रिकामी कपबशी उचलली. मागच्या वर्षीच्या धानाच्या रोवण्यापासून चंद्रकुमार घरी आला नव्हता. आत खाटेवर सासरे, वासुदेवराव, पडून होते. शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून घसरून त्यांचा खुबा मोडला होता. शुक्रवारी नागपूरला ऑपरेशन होतं. त्यांना उचलता-बसवताना तिची कंबर गेली होती. बुधवारी चंद्रकुमार येणार, एवढ्यावर ती दिवस ढकलत होती.

आणि तिला आणखी एक गोष्ट माहीत होती. पलटण सरावाला निघणार होती, म्हणून मेजरसाहेबांनी कंपनीतून एकच माणूस सुट्टीवर सोडायचं ठरवलं होतं. नाव सुभेदारानं द्यायचं. दरवेळी तो आपलं नाव सगळ्यांच्या मागे ठेवी. या खेपेला कुणी मागितलंच नाही, तेव्हा त्यानं स्वतःचं दिलं.

आपण गप्प राहिलो, तर चंद्रकुमार येईल. तिनं भात शिजेपर्यंत तोच विचार केला.

संध्याकाळी फोन आला. "बॅग भरली," तो म्हणाला. आवाज हलका होता. "बापूले सांग, शुक्रवारी मी राहीन सोबत."

"आयका ना," ती म्हणाली, आणि सगळं सांगून टाकलं.

पलीकडे त्यानं बॅग खाली ठेवल्याचा आवाज आला.

"रोज सकाळी हाजिरीले पुसतो मी, कोनाले काही तकलीफ? समोर उभा राह्यते अन् म्हणते, नाही साहेब."

"थो नाही बोलला, त्यात तुमचा काय कसूर?"

"मी शिपाई असतो तं नसता झाला. आता माहा हाये. घरची गोष्ट मले मालूम पाह्यजे होती." त्यानं श्वास सोडला. "माह्या जागी उद्या सकाळीच घरी धाडतो त्याले."

"मी सांगतलं नसतं तं?"

"तं आलो असतो," तो म्हणाला. "बरं वाटलं असतं, कुंता."

ती आत गेली. वासुदेवरावांनी ऐकलं होतं.

"काहून नाही येत? सुभेदार हाये ना आता?"

"हाव, मामाजी. म्हणूनच."

"शिपाई होता तवा तं येत जाये," म्हातारा भिंतीकडे पाहत म्हणाला.

 नागपूरला न्यायला गावातल्या केवळरामच्या गाडीचं आजच बोलून ठेवायला हवं होतं, चुलीवरचं भांडं उतरवायचं होतं. तिनं त्यांच्या पाठीखाली हात घातला. "सरका जरा इकडे. शुक्रवारी मी हावो," ती म्हणाली, आणि दम रोखून त्यांना कुशीवर वळवलं.