पाचशे सातचा पडदा

पडदे शिवणं हा माझा धंदा. अठ्ठावीस वर्षं मी लोकांच्या खिडक्या झाकत आले. त्यामुळे कुठल्याही नव्या खोलीत शिरले की मला आधी पडदा दिसतो, माणसं नंतर. विमानतळाशेजारच्या त्या हॉटेलात, पाचव्या मजल्यावर, आमच्या खोलीचं दार उघडलं तेव्हाही माझं पहिलं वाक्य होतं, "अस्तर चांगलं आहे, पण खालची दुमड किती कंजूषपणे सोडलीय!"

"अगं, खिडकी बघ," आमचे हे म्हणाले.

खिडकी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत होती. तिच्याखाली बसायला गादीचा कट्टा, कट्ट्याच्या कडेला दोरीने बांधलेली दुर्बीण, आणि भिंतीवर विमानांच्या आकारांचा मोठा तक्ता. कुठल्या कंपनीच्या शेपटीचा रंग कोणता, तेही त्यात होतं. मुलाबाळांना घेऊन विमानं बघायला येणाऱ्या कुटुंबांसाठीच ती खोली सजवली होती. समोर धावपट्टी, सरळ, राखाडी. काच इतकी जाड की एवढी मोठी विमानं उतरत होती, पण आवाज फ्रीजइतकासुद्धा नव्हता. आमची नात टिकली, वय वर्षं सात, कट्ट्यावर चढली ती जेवायच्या वेळेपर्यंत उतरलीच नाही.

आम्ही मात्र विमानं बघायला आलो नव्हतो. आम्ही एकच विमान बघायला आलो होतो. ते आमची धाकटी उतरवणार होती.

इथे मला थोडं मागचं सांगायला हवं, आणि ते माझ्या कौतुकाचं नाही. चार वर्षांपूर्वी धाकटीने विमान चालवायला शिकणार म्हणून सांगितलं, तेव्हा मी म्हणाले, "शीक. पण मी मान वर करून बघणार नाही, सांगून ठेवते." खरं म्हणजे मला भीती वाटत होती. भीती वाटते म्हणायची लाज वाटली, म्हणून राग धरला. रागाचं एक बरं असतं, तो चारचौघांत मिरवता येतो. शिकताना ती पहिल्यांदा एकटी उडाली त्या दिवशी तिचं विमान आमच्या इमारतीवरून जाणार होतं. झाडून सगळे बिऱ्हाडकरू गच्चीवर गेले. मी मशीनवर बसून राहिले. संध्याकाळी तिने विचारलं, "आई, दिसले का गं मी?" मी म्हणाले, "मला ऑर्डर द्यायची होती." त्यानंतर तिने कधी विचारलं नाही, आणि तेच मला टोचत राहिलं. मी मात्र आपला शब्द पाळत होते. डोक्यावरून विमान गेलं की मान खाली, नजर सुईवर. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे आमच्या घरात माझ्याकडे बघूनच म्हणतात.

आता तिची बदली लांबच्या शहरात झाली होती. उद्या ती जाणार. आज परतीच्या फेरीत विमान उतरवायचं काम कॅप्टनने तिच्याकडे दिलं होतं, आणि त्यानंतर या धावपट्टीवर ती पुन्हा कधी उतरेल हे तिलाही ठाऊक नव्हतं. "कुणी बघायला येऊ नका हं बाबा, माझे हात कापतील," असं तिने यांना बजावलं होतं. म्हणून आम्ही चोरून आलो होतो.

हॉटेलची युक्ती यांची. "तू वर बघणार नाहीस ना?" हे म्हणाले होते. "नको बघूस. पाचव्या मजल्यावरून खाली बघ. शब्दही मोडत नाही आणि पोरगीही दिसते." एकतीस वर्षं बस डेपोत कंट्रोलर म्हणून काढलेल्या माणसालाच असली पळवाट सुचू शकते.

वेळसुद्धा यांनीच काढली होती. धाकटीच्या कपाटाला आतून तिच्या ड्यूटीचं पत्रक चिकटवलेलं होतं. त्यावरून यांनी वहीत लिहून घेतलं, उतरणार ११.१०. "वेळापत्रक माझ्याकडे सोपव," हे म्हणाले. घरातली सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढे ठेवणारा हा माणूस. सोपवलं.

आदल्या संध्याकाळीच खोली घेतली होती; सकाळी नऊपासून आम्ही तिघं कट्ट्यावर. बरोब्बर अकरा दहाला टिकली ओरडली, "आत्याच्या शेपटीचं विमान!" मी नजर धावपट्टीवरच रोखून ठेवली होती, ठरल्याप्रमाणे. विमान खिडकीच्या चौकटीत वरून शिरलं, टेकलं, पळत पुढे गेलं. चार सेकंदांचा खेळ. तरी माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. टिकलीने टाळ्या वाजवल्या. यांनी रुमालात नाक शिंकरलं आणि वहीत बरोबरची खूण केली.

साडेअकराला, नेहमीसारखा, यांनी फोन लावला. "पोचलीस का गं?"

"कुठे पोचू बाबा? आत्ता इथे मुक्कामावर अंघोळ करून बसलेय. निघायला अवकाश आहे."

हे चाचरत म्हणाले, "नाही म्हणजे... तुझ्या पत्रकावर अकरा दहा आहे ना."

तिकडून हसायचा आवाज आला. "माझं पत्रक वाचलंत? अहो बाबा, ती आमच्या घड्याळाची वेळ. विमानवाल्यांचं सगळ्या जगात एकच घड्याळ असतं. आपलं त्याच्या साडेपाच तास पुढे. चार चाळीसला उतरणार मी, दुपारी."

फोन ठेवून हे कट्ट्यावर बसले. एकतीस वर्षांत एक बस चुकीच्या वेळेला सोडली नाही, आणि पोटच्या पोरीचं वेळापत्रक वाचता आलं नाही. चेहरा एवढासा झाला होता.

"मग सकाळी आपण कुणाला टाळ्या वाजवल्या?" टिकलीने विचारलं.

"असेल कुणाची तरी लेक," मी म्हणाले. "तिच्यासाठीही कुणीतरी वाजवायला हव्यातच."

मला हसू येत होतं, पण ते फार वेळ टिकलं नाही. बारा वाजता खोली सोडायची होती. आणि मी काही झालं तरी आज ते विमान बघितल्याशिवाय हलणार नव्हते. सकाळचं रडणं फुकट गेलं म्हणून तर आणखीच नाही.

खाली काउंटरवरच्या बाईने घट्ट अंबाडा घातला होता आणि बोलणंही तसंच होतं. "सॉरी काकू, तुमची खोली दोन वाजता दुसऱ्या फॅमिलीला दिलीय. मुलाचा वाढदिवस आहे."

"दुसरी द्या. धावपट्टीकडची."

"सगळ्या भरल्यात."

"एकही रिकामी नाही? नीट बघा."

खोटं बोलायची तिला सवय नसावी. "पाचशे सात रिकामी आहे, पण ती देता येत नाही. आधीच्या पाहुण्यांची मुलं पडद्याला लोंबकळली. पडदे फाटून खाली आलेत. पडद्याशिवाय खोली द्यायची नाही असा नियम आहे. दुरुस्तीवाला सोमवारी येणार."

मी यांच्याकडे बघितलं, यांनी माझ्याकडे. काखेत कळसा नि गावाला वळसा!

"सोमवार कशाला?" मी पर्समधून कार्ड काढून तिच्यापुढे ठेवलं. "मी आजच लावून देते. मला शिडी द्या आणि पाच वाजेपर्यंत खोली द्या."

तिने कार्ड वाचलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि मॅनेजरला फोन केला. बराच वेळ हं हं करून म्हणाली, "सर म्हणतात, चालेल. पण पडदा लागला पाहिजे. नीट."

"नीट या शब्दाचा अर्थ मी तुमच्या सरांना दाखवते," मी म्हणाले.

पाचशे सातमध्ये पाऊल टाकलं आणि माझाच जीव हळहळला. वरची पट्टी जाग्यावर होती, पण दोन्ही पडदे जमिनीवर ढीग होऊन पडलेले. चुण्यांची पट्टी हातभर, दोन हात, अशी ठिकठिकाणी उसवलेली, निम्मे हूक वाकडे. एकेक पडदा माझ्या नातीपेक्षा जड. मशीन नाही. मशीनवर तासाभराचं काम, हाताने चार तासांचं. माझ्याकडे होते बरोबर साडेचार.

पर्समध्ये माझी कात्री, अंगुस्तान आणि जाड दोऱ्याचं रीळ कायम असतं. सुनेला त्याचं हसू येतं. मी खिडकीखाली फतकल मारली आणि सुरुवात केली. टिकली कट्ट्यावर बसून दुर्बिणीतून बातम्या देत होती. हे खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकत होते, "टाका जरा मोठा घेतलास तर लवकर होईल ना?"

"तुम्ही घड्याळ सांभाळा," मी म्हणाले. "तुमचं नाही, त्या विमानवाल्यांचं."

त्यावर हे जे उठले ते माझ्यासमोर खाली बसले आणि पक्कड मागवून एकेक हूक सरळ करू लागले. एक शब्द न बोलता बावीस हूक केले.

दोनला बोटं दुखायला लागली. तीनला मधल्या बोटाला भोक पडलं आणि अस्तरावर रक्ताचा ठिपका उठला, तो थुंकी लावून पुसला. मोठा टाका मी घेतला नाही. खोटं कशाला सांगू, एकदा मनात आलं, की कोण बघतंय? आत दुमडला जाणार आहे. पण लेक तिकडे शेकडो माणसं घेऊन येत होती, आणि तिच्या आईने इथे कच्चे टाके घालावेत, हे मला पटेना.

"आजी, तो मोजा फुगलाय," टिकली म्हणाली. मोजा म्हणजे धावपट्टीच्या कडेला खांबावर असते ती वाऱ्याची पिशवी. सकाळी ती लुळी लोंबत होती. आता आडवी ताठ झाली होती, आणि वारा धावपट्टीवर आडवा येत होता. उतरणारी विमानं जरा तिरकी होऊन येत होती. मी मान खाली घातली आणि टाके मोजायला लागले. चार वर्षं हेच तर केलं होतं.

चार वाजून दहा मिनिटांनी उजवा पडदा लागला. सरकवून बघितला, लोण्यासारखा सरकला. डावा खांद्यावर घेऊन मी पुन्हा शिडीवर चढले. यांनी शिडी धरली. मी एकेक हूक अडकवत होते. अकरा हूक उरले होते, तेवढ्यात टिकली किंचाळली, "आत्या!"

"अजून आठ मिनिटं आहेत," हे म्हणाले.

"पण शेपूट तेच आहे!"

"लवकर आली," हे म्हणाले. "वेळेआधी आली गं, माझ्यावर गेलीय."

माझे दोन्ही हात पडद्यात अडकलेले. मी नजर खाली, धावपट्टीवर लावली. शब्द शाबूत होता. वाट बघितली असती तर विमान आपोआप चौकटीत शिरलं असतं, सकाळसारखं, चार सेकंद. पण टिकलीचं बोट वर होतं. पार वर, ढगाच्या कडेला. आणि मला एकदम वाटलं, की सगळा कठीण भाग तर तिथेच आहे. तिथून इथपर्यंत. ते सोडून मी नुसतं टेकणं काय बघत बसलेय?

मी मान वर केली.

सुरुवातीला दोन दिवेच दिसले. मग दिव्यांच्या मागे पंख. वाऱ्याने डावा पंख दबला, तो तिने सावरला. पुन्हा दबला, पुन्हा सावरला. डोळे मिटावेसे वाटत होते, आणि मी ते मिटू दिले नाहीत. तोंडातल्या दोन टाचण्या दातांनी घट्ट धरून ठेवल्या. विमान मोठं होत गेलं, तिरकं, नाक वाऱ्याकडे, असं काही की ते आता धावपट्टी सोडून आमच्याकडेच येईल. मग अगदी शेवटी तिने नाक सरळ केलं. डावं चाक टेकलं, पांढरा धूर उडाला. मग उजवं. मग पुढचं. आणि धावपट्टीच्या मधल्या पांढऱ्या रेघेवरून ती सरळ निघून गेली.

खाली शिडी हलत होती. हे रडत होते.

मी राहिलेले अकरा हूक अडकवले. बोली होती ना. मगच उतरले आणि फोन मागितला. चार वर्षांत तिच्या उड्डाणानंतर मी कधी फोन केला नव्हता. नंबर यांनी लावून दिला. पहिल्यांदा बंद लागला. पाचच्या सुमाराला लागला.

"आई? तू? काय झालं? बरं आहे ना सगळं?"

"डावं चाक आधी टेकलं," मी म्हणाले. "उजवं मागाहून."

"वारा आडवा होता, तेव्हा तसंच टेकवायचं अस..." ती बोलता बोलता थांबली. "तुला काय माहीत?"

"समोरच्या हॉटेलात आहे. पाचव्या मजल्यावर. पडदा लावत होते."

तिने अगदी हळू विचारलं, "खाली टेकताना दिसले?"

"नाही गं," मी म्हणाले. "ढगातून निघालीस तेव्हापासून."