सटवाईचं लिहिलेलं

एकोडीच्या वाचनालयाची किल्ली खुशाल गुरुजींकडे असे, आणि संध्याकाळी पाच ते सात तिथं बसणारी माणसंही मोजून दोनच. एक गुरुजी, दुसरे डोमा. गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले, डोमा आरोग्य खात्यातून. गुरुजी वाचत, आणि डोमा पेपरातल्या निधनाच्या बातम्या पाहून आज कोण गेलं ते मोठ्यानं सांगत. गुरुजींना वर्गाबाहेर बोलणं कधी जमलंच नाही. चारचौघांत उभं राहिलं की वाक्य अर्ध्यावर तुटे. म्हणून त्यांनी एक वही केली होती. निरनिराळ्या धर्मांच्या गोष्टींत देवांनी माणसाला काय काय कळू दिलं नाही, त्याची ती वही. कुठं झाडाचं फळ खायची बंदी, कुठं मरणापलीकडचं विचारायची, कुठं नुसतं मागं वळून पाहायची. अकरा वर्षांच्या नोंदी होत्या. पण ‘असं का?’ या प्रश्नाखाली काही टिकत नव्हतं. रात्री लिहिलेलं सकाळी पोरकट वाटे आणि गुरुजी ते खोडून टाकत.

दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी वाचनालयाच्या दारात तृप्ती येऊन उभी राहिली. ती गुरुजींची भाची. बहीण गेली तेव्हा पोर सात वर्षांची होती. गुरुजींनी आणि त्यांच्या बायकोनं तिला वाढवलं, शिकवलं, आणि शेजारच्याच गावात दिली. बायकोही आता राहिली नव्हती. मामाच्या घरी जायचं सोडून तृप्ती थेट वाचनालयात आली, तेव्हाच गुरुजींनी चष्मा काढला.

“मामा, डॉक्टरीणबाईनं दहा दिवस देल्ले,” ती उभ्याउभ्याच म्हणाली. “दहा दिवसांत नागपूरले जाऊन पोटातल्याची तपासणी करा म्हनते. याले बी डिंपलसारखं आहे का, ते समजते म्हनते. पन दोघाचंही रक्त लागते. हे येत नाही. सासूबाई तं नावच काढू देत नाही.”

डिंपल तिची चार वर्षांची पोरगी. पावसाळ्यापासून तिचे हातपाय सुजत, डोळे पिवळे होत, आणि दुखायला लागलं की ती आईशिवाय कोणाला अंगाला हात लावू देत नसे. गेल्या महिन्यात भंडाऱ्याला तिचं रक्त तपासलं आणि आजार असल्याचं लाल कार्ड मिळालं. सिकलसेल, आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. आणि तृप्तीला पुन्हा तिसरा महिना होता.

“बस तं खरी, माय,” डोमा म्हणाले.

“बसत नाही, काका. बस आहे साडेसहाची.” मग ती गुरुजींकडे वळली. “मामा, माह्यं बी रक्त तपासलं त्याईनं. पिवळं कार्ड आलं. बाई म्हनते, दोघाकडून आलं तवाच पोरीले लाल झालं. पन मी कालेजात होती तवा शिबिरात माह्यं तपासलं होतं ना? तुमीच म्हनले, बरोबर आहे. मंग तवाचं खोटं होतं का आताचं?”

गुरुजींनी चष्मा पुसायला घेतला. “पाहतो,” ते म्हणाले. “मी येतो उद्या तुझ्या घरी. बोलतो त्यांच्याशी.”

ती गेली. डोमांनी पेपराची घडी घातली, मग पुन्हा उघडली, पुन्हा घातली.

“पिवळं कार्ड मी तुह्या हातात देल्लं होतं, खुशालभाऊ.”

“हो.”

“लगनात मांडवाखाली इचारलं मी, पोराचं रक्त पाहिलं का. तू म्हनला, पाहिलं.”

“हो.”

“पाहिलं नव्हतं.”

गुरुजींनी चष्मा डोळ्यांवर चढवला. शिबिर झालं ते साल त्यांना आठवत होतं. डोमांनी कार्ड देताना समजावून सांगितलं होतं, की हा आजार नाही, ही नुसती वाहक आहे, हिला स्वतःला काही होणार नाही, फक्त असंच रक्त असलेल्या पोराला देऊ नको. गुरुजींना ते पूर्ण समजलं होतं. गावात मात्र पिवळं कार्ड म्हणजे पोरीत खोट, एवढंच समजत. त्याच वर्षी दोन घरच्या पोरींच्या सोयरिकी कार्डावरून मोडल्या होत्या. आई-बाप नसलेली पोर, त्यात हे. गुरुजींनी कार्ड एका जाड पुस्तकात घालून ठेवलं आणि ‘बरोबर आहे’ असं सांगितलं. पुढं डिंपल टाळेबंदीत झाली. तेव्हा दवाखान्यात कोरोनाशिवाय दुसरं काही तपासायला कोणाला सवड नव्हती. झालेलं झाकलेलंच राहिलं.

“मी सटवाईची गोष्ट धरून बसलो होतो, डोमा,” गुरुजी म्हणाले.

“कोनती?”

“माझी आजी सांगायची. पोराच्या सहाव्या रात्री सटवाई येते आणि कपाळावर लिहून जाते. एका सुईणीला वाटलं, आपण पाहावं. ती सुपाआड लपून बसली आणि तिनं सगळं वाचलं. सटवाईनं तिला पकडलं, पण शाप दिला नाही, डोळे फोडले नाहीत. म्हणाली, वाचलं ना, आता पुसून दाखव. त्या सुईणीनं पुढं जन्मभर पोरं हातावर घेतली. प्रत्येकाचं मरण तिला दिसायचं, आणि ती आईला म्हणायची, गोड आहे हो पोरगं.” गुरुजी थांबले. “मला वाटायचं, देव लपवतात ते दयेनं. जे पुसता येत नाही ते वाचून काय करायचं?”

डोमांना राग आला की ते हळू बोलत. “हे तं पुसता येत होतं ना, गुरुजी. दुसरा पोरगा पाहिला असता, पुसल्या गेलं असतं. एवढं सोपं पुसनं तं सटवाईनंही कोनाले देल्लं नसन.” ते उठले आणि चपला पायात घालत म्हणाले, “आमच्या बुद्धानं सांगतलं, मी मुठीत काही झाकून ठेवलं नाही. तुमच्या देवायचं मले मालूम नाही. पन मले वाटते, देव नाही लपवत. ज्याच्या हाती पोथी राह्यते तो लपवते, अन देवाचं नाव सांगते.”

त्या रात्री गुरुजींनी वही उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी ते तृप्तीच्या सासरी गेले. काय बोलायचं ते चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवलं होतं, मुद्दे एक ते पाच. कार्डाची गोष्ट त्या चिठ्ठीत नव्हती. ती तृप्तीला एकटीला गाठून सांगायची असं त्यांनी ठरवलं होतं. पण वाटेवर ठरवलेलं अंगणात पाऊल टाकल्यावर राहत नाही, असा त्यांचा जन्माचा अनुभव होता. अंगणात एका बाजूला धानाची पोती लागली होती. जावई वीरेंद्र फवारणीचा पंप खोलून बसला होता. तृप्ती पडवीत तांदूळ निवडत होती, आणि डिंपल तिच्या मांडीला टेकून झोपली होती.

“या गुरुजी,” मंदाबाई, तृप्तीची सासू, म्हणाली. “पोथी सांगाले आले का पोरगी न्यायले?”

“बोलायचं होतं थोडं. त्या तपासणीचं.”

“त्यात काय बोलाचं? पोटातलं पाहू नये. देवानं पडदा लावला तो कायले लावला? अन सरकारनं बी हरेक दवाखान्यात बोर्ड लावला आहे, पोटातलं पाहनं गुन्हा आहे म्हनून. देव नाही म्हनते, सरकार नाही म्हनते, अन तुमी हो म्हनता. तुमी कोन मोठे?”

“तो बोर्ड मुलगा-मुलगी पाहण्याचा, बाई. हे आजाराचं आहे. याला बंदी नाही.”

“समजल्यावर काय करान? पाडान?”

“ते दोघं ठरवतील. पण समजलं तर ठरवतील ना.”

वीरेंद्रनं पंपाचा नळ फुंकला. “मामाजी, मले काय झालं आहे? दिवसभर पोते उचलतो मी. मी रक्त देत नाही. उद्या गावात म्हनतील, वीऱ्याच्या रक्तात खराबी आहे.”

“तसं नसतं, जावईबापू. कोणात खराबी नसते. दोघं चांगलेच असतात, पण...”

गुरुजींनी खिशातली चिठ्ठी काढली. तिसरा मुद्दा वाचायचा होता, अक्षर दिसेना. अंगणातले सगळे त्यांच्याकडे पाहत होते. त्यांना वाटलं, ही माणसं अडाणी म्हणून ऐकत नाहीत असं नाही. आपण त्यांच्याहून शहाणे असल्यासारखे बोलतो आहोत, आणि ते खोटं आहे. ते खोटं काढून टाकलं तर कदाचित ऐकतील.

“मीसुद्धा तुमच्यासारखाच वागलो,” ते म्हणाले. “तृप्तीचं कार्ड तेव्हाच पिवळं आलं होतं. मला माहीत होतं. कळलेलं मी झाकून ठेवलं. त्यानं काय झालं ते या पोरीकडं पाहा. म्हणून म्हणतो, आता तरी झाकू नका.”

वर्गाबाहेर आयुष्यात पहिल्यांदाच ते एवढं सलग बोलले होते, न अडखळता.

मंदाबाई त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. मग प्रत्येक शब्द वेगळा करत म्हणाली, “म्हनजे तुमाले मालूम होतं.”

“हो. पण ते दोघांकडून...”

“खोट मालूम होती, अन आमच्या गळ्यात बांधली.”

“बाई, वीरेंद्रकडूनही आल्याशिवाय...”

“आमच्या सात पिढ्यांत नाही असं! ऐक रे वीऱ्या, मास्तर सोताच्या तोंडानं बोलून राहिला. पोरीकडून आलं. तोच बोलला!”

वीरेंद्र उठला, पंप तसाच खोललेला टाकून मागच्या दारानं निघून गेला. गुरुजींनी पडवीकडं पाहिलं. तृप्तीनं वर पाहिलं नाही. ती निवडतच होती. फक्त खडे ताटात ठेवत होती आणि तांदूळ अंगणात टाकत होती.

दोन दिवसांनी ती डिंपलला आणि एक पिशवी घेऊन मामाकडे आली. सासूनं पाठवलं होतं. कशासाठी आणि किती दिवसांसाठी, ते सांगितलं नव्हतं. कार्डाबद्दल ती एक शब्द बोलली नाही. स्वयंपाक करी, डिंपलचे पाय कोमट तेलानं चोळी, गुरुजींना वाढी. गुरुजी ताटावर बसून म्हणत, “तृप्ती, मी...” आणि ती म्हणे, “भात घ्या, मामा.” तिनं भांडावं, हातातलं काही फेकावं, असं त्यांना फार वाटे. तिनं तेही दिलं नाही.

डोमा दोनदा वीरेंद्रकडे जाऊन आले. पहिल्यांदा त्याला शेतात गाठलं, दुसऱ्यांदा चौकात. वीरेंद्र म्हणाला, “डोमाकाका, गुरुजीच सांगून गेले ना पोरीकडून आलं म्हनून? मंग माह्यं रक्त कायले?” हीच गोष्ट किराणा दुकानात आणि पिठाच्या गिरणीवर झाली. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेलं गावानं कुठं सांगितलं नव्हतं. गुरुजींचं हे एक वाक्य मात्र दोन्ही गावांत जो तो सांगू लागला. पहिल्यांदा गप्प बसले तेव्हा डिंपलचं नुकसान झालं. बोलले तेव्हा तृप्तीचं घर गेलं. या दोन्हींत बरोबर काय होतं, ते त्यांना कोणत्याही पुस्तकात सापडलं नसतं, आणि आता ते शोधतही नव्हते.

दहावा दिवस आला. तृप्ती सकाळीच नवी साडी नेसून, डिंपलची वेणी घालून ओट्यावर बसली. कोणाची वाट पाहते ते बोलली नाही. साडेदहाची बस गेली, साडेबाराची गेली. दुपारी ती आत आली, साडी बदलली आणि भांडी घासायला बसली.

आणखी पाच दिवसांनी डोमा धापा टाकत आले आणि फाटकातूनच त्यांनी गुरुजींना बोलावलं. नागपूरला त्यांच्या ओळखीची एक परिचारिका होती. तिला विचारून आले होते. “अजून वेळ गेली नाही, खुशालभाऊ. चौथ्या महिन्यात दुसरी तपासनी राह्यते, पोटातल्या पान्याची. अन तिथली डॉक्टर म्हनते, नवरा नसन येत तं नसन, पोरीचं लाल कार्ड आहे तं त्याच्या रक्ताबिगर बी जमते, बाईची सही पुरे. जा, सांग तिले. मी इथंच थांबतो.”

गुरुजी आत गेले. डिंपलच्या पायांत दुपारपासून कळा येत होत्या. तृप्ती तिचे गुडघे मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मामाच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“काही सांगाले आले तुमी.”

“हो. तृप्ती, डोमा म्हणतो...”

“नोका सांगू.”

“ऐक तरी. हे चांगलं...”

“चांगलं असो का वाईट असो, मामा. मी इचारत होती तवा तुमी नाही सांगतलं. मी इचारलं नाही तवा भर अंगनात सांगतलं. आता मले काहीच मालूम नाही पाहिजे. जे आहे ते आहे.” तिचा आवाज चढला नाही. “मले इतलं तं माह्या हातात राहू द्या.”

गुरुजी बाहेर आले. ऊन कलत होतं. डोमा फाटकाला टेकून उभे होते.

“सांगतलं?”

“नाही.”

“काहून?”

“ऐकायचं नाही म्हणते.”

“अरे, तिले समजलंच नाही तं ती नाही म्हनन कशी? समजून नाही म्हनू दे. सरक, मी सांगतो.”

गुरुजींचा हात फाटकाच्या कडीवर होता. डोमांचं खरं होतं. तृप्तीचंही खरं होतं. कडी काढावी की धरून ठेवावी, ते त्यांना समजेना. आत डिंपल मोठ्यानं रडू लागली. डोमा थांबले, आणि दोघे म्हातारे फाटकाच्या दोन बाजूंना उभे राहून ते ऐकत राहिले.