चार टीव्ही आणि एक मोहाचं झाड

मित्रांनो, मी एक जुना स्प्लिटर आहे. तुम्ही मला ओळखत नसाल, कारण टीव्ही सगळे बघतात, त्याच्यामागच्या वायरी कुणी बघत नाही. मी तळहाताएवढा काळा पत्र्याचा डबा. एका बाजूला एक भोक, दुसऱ्या बाजूला चार. एका भोकातून चित्र घ्यायचं आणि जसंच्या तसं, स्वच्छ, चार टीव्हींना वाटायचं, एवढंच माझं काम. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते चंद्रपूरच्या दुकानापासून पुढचं.

तिथून लोकेश नावाच्या मेकॅनिकनं मला वाघांच्या जंगलाला लागून असलेल्या मोहर्ली गावात नागसेनच्या घरी आणलं. नागसेन सफारीची जिप्सी चालवतो आणि घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो. दोन टीव्ही त्या खोल्यांत, एक मधल्या खोलीत आणि एक त्याची आई रुखमाबाई यांच्या स्वयंपाकघरात. चारही टीव्हींना सेटटॉप बॉक्स मात्र एकच. म्हणून मला मधल्या खोलीत, बुद्धाच्या तसबिरीखालच्या फळीवर बसवलं.

ज्याच्या हाती ससा तो पारधी म्हणतात. आमच्याकडे रिमोट रुखमाबाईंच्या हाती असे. त्यामुळे वाघ बघायला पुण्याहून आलेली माणसं संध्याकाळी निमूटपणे त्यांची मालिका बघत. एका पाहुण्यानं मॅच लावायला सांगितली, तर त्या म्हणाल्या, "लावतो ना भाऊ. त्या सुनेले घरात तं घेऊ दे पयले." मला हसता येत नाही, नाहीतर मी हसलो असतो.

मग एका उन्हाळ्यात शेजारच्या गावात मोहाची फुलं वेचणाऱ्या बाईवर वाघानं झडप घातली. मोह पहाटे गळतो. बाया उजाडता उजाडता टोपल्या घेऊन जातात आणि वाकून वेचतात. वाकलेलं माणूस वाघाला जनावरासारखं वाटतं, असं इथले लोक सांगतात. रुखमाबाईंचं झाड घरामागच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नाल्याच्या अलीकडे. त्या काही ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. शेवटी नागसेननं झाडासमोर कॅमेरा बसवला आणि त्याचा रेकॉर्डर माझ्या शेजारी आला. रोज पहाटे नागसेनची बायको रंजीता सेटटॉप बॉक्सची वायर काढून रेकॉर्डरची वायर माझ्यात खोचे. चारही टीव्हींवर मोहाचं झाड दिसू लागे. जागा मोकळी दिसली की रुखमाबाई निघत.

गेल्या एप्रिलमधली एक सकाळ. नागसेन पाहुण्यांना घेऊन सफारीला गेला होता आणि रंजीता पाहुण्यांची खोली झाडत होती. रुखमाबाईंनी स्वयंपाकघरातला टीव्ही बघितला आणि हाक मारली, "रंजीता, तुयाकडच्या टीव्हीत पाय वो, काई दिसून राह्यलं का?"

"काईच नाई, आई. मधल्या खोलीतबी पाह्यलं. मोकळंच हाये."

रुखमाबाई निर्धास्त झाल्या आणि टोपली घेऊन गेल्या.

मित्रांनो, इथेच घात झाला. तीन टीव्ही म्हणजे तीन साक्षीदार, असं त्यांना वाटलं. पण तिघांनाही मीच सांगत होतो, आणि मला एकटा रेकॉर्डर सांगत होता. तो उकाड्यानं तापून एकाच जुन्या चित्रावर अडकला होता. चित्राच्या कोपऱ्यातलं घड्याळ वीस मिनिटांपूर्वीच थांबलं होतं. मला ते दिसत होतं, पण मला वाचा नाही. आपल्या मुकेपणाचं इतकं वाईट मला आधी कधी वाटलं नव्हतं.

झाडून झाल्यावर रंजीतानं टीव्हीकडे बघितलं. झाडाखाली मोह पसरलेला, माणूस नाही. ती दुसऱ्या खोलीत गेली. तिथंही तेच.

"आई केव्हाच्या गेल्या," ती स्वतःशीच म्हणाली. "मंग टीव्हीत काऊन आल्या नाई?"

तिनं झाडू तिथंच टाकला. स्वयंपाकघरातली थाळी आणि झारा उचलून ती अनवाणी मागच्या दारानं पळाली. थाळीचा आवाज धुऱ्याकडे लांब लांब जात राहिला. शेजारचा धनराज काठी घेऊन धावल्याचं ऐकू आलं. मग काहीच ऐकू येईना. मी आपला चार खोल्यांत मोकळं झाड दाखवत होतो.

दोघी परत आल्या तेव्हा रुखमाबाईंचे हात रिकामे होते. टोपली तिकडेच राहिली होती. त्या चुलीपाशी बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या,

"नाल्याच्या काठावर बसला होता. मी इकडं वाकून. थाळी वाजली तवा तो उठला, अन् उठला तवा मले दिसला."

मग त्यांची नजर टीव्हीवर गेली. "पाय," त्या सुनेला म्हणाल्या, "यात तं मी गेलोच नाई."

दुपारी नागसेननं रागानं माझ्या साऱ्या वायरी उपटल्या आणि तो मला फेकायला निघाला.

"त्याले काऊन बोलून राह्यला बाबू?" रुखमाबाई म्हणाल्या. "मले सोबत पायजे होती, अन् मी टीव्हीले इचारलं."

म्हणून मी अजून फळीवर आहे. अंगावर धूळ आहे, चारातलं एक भोक सैल झालं आहे आणि मला मालिकेपुरतंच जोडतात. मोहाच्या दिवसांत सासू-सून दोघी धुऱ्यावर जातात. एक वाकून वेचते, दुसरी नाल्याकडे तोंड करून उभी राहते.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना पुसा, हवा लागू द्या, तापू देऊ नका. आम्ही पुष्कळ वर्षं साथ देतो. पण घरचं माणूस जोखमीच्या वाटेला निघालं, तर त्याला आमच्या भरवशावर सोडू नका. पायात चपला घाला आणि त्याच्यासोबत जा.