दोन घरं मागे

सव्वाअकराला बातमी आली तेव्हा त्याच्या हातात डाव्या टीव्हीचा रिमोट होता आणि अंगठ्याच्या नखाने तो एका बटणाच्या कडेला साचलेला मळ काढत होता. चालू-बंदच्या बटणावरची खूण कधीच पुसली गेली होती, आवाजाच्या दोन्ही बटणांना बोटाने खळगे पडले होते, फक्त खालच्या कोपऱ्यातलं एक चौकोनी बटण नवंकोरं राहिलं होतं. फ्रिजच्या विभागातला विक्रेता, ज्याला दुकानात सगळे फ्रिजवालाच म्हणत, दारात येऊन उभा राहिला.

"कळलं का? पिवळं गेलं."

"गेलं म्हणजे?"

"गेलं म्हणजे गेलं. त्यांनीच जाहीर केलंय. यापुढे पिवळी डिस्क नाही, पिवळा प्लेअर नाही. आटोपला कारभार." मग तो हसला. त्याच्या हसण्यात वाईट हेतू नव्हता, नुसती सवय होती. "तुझी फौज गारद झाली रे, सेनापती."

तो मळ काढत राहिला. काम अर्धवट सोडायचं नाही एवढंच त्या वेळी त्याच्या डोक्यात होतं. बटणाची चौथी कड साफ झाली, त्याने रिमोट सदऱ्याला पुसून जागेवर ठेवला आणि मग त्याला दादा आठवला.

खोली दुकानाच्या मागच्या अंगाला होती. खिडकी नव्हती, भिंती मुद्दाम गडद रंगवलेल्या, मध्ये तीन खुर्च्या. समोर दोन टीव्ही, एकाच कंपनीचे, एकाच मापाचे. डाव्याला पिवळा प्लेअर, उजव्याला निळा. दोन वर्षांपूर्वी जास्त स्पष्ट चित्राच्या नव्या डिस्क बाजारात आल्या त्या भांडतच आल्या होत्या. एका गटाच्या डिस्क पिवळ्या डबीत, दुसऱ्याच्या निळ्या. याची त्याच्या प्लेअरमध्ये चालायची नाही, आणि शेवटी एकच टिकणार हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक होतं. कोणतं, ते सोडून. दोन्ही टीव्हींवर दिवसभर एकच चित्रण चालू असे – उथळ पाण्यात उभा असलेला बगळा, मान आत ओढलेली, बराच वेळ काहीच न करणारा, आणि मग एका झटक्यात चोचीत मासा. गिऱ्हाईक गोंधळलेलं येई. नवरा-बायको असतील तर बायको हमखास विचारी, "तुम्ही आमच्या जागी असता तर काय घेतलं असतं?" त्यावर त्याचं वाक्य ठरलेलं होतं. मला विचारू नका हो, मी पगारी माणूस. तुमच्या डोळ्यांना विचारा. आणि डोळे डावीकडे वळत. मान किंचित कलती होई, भुवया वर जात, आणि बोट पिवळ्याकडे. तो क्षण त्याला आवडे. आपण काही न बोलता खरं काय ते माणसाला आपसूक दिसतं, याचं त्याला समाधान होतं... समाधान हाच शब्द. अभिमानसुद्धा.

दादाचंही बोट तसंच गेलं होतं.

दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. पलीकडच्या उपनगरात त्याचं चित्रपट भाड्याने देण्याचं दुकान, अरुंद, लांबट, बोगद्यासारखं. कॅसेटच्या काळात तिथे रांग लागे. पण त्या काळातही दोन प्रकारच्या कॅसेट होत्या, आणि तरुण दादाने भिंती भरून घेतल्या त्या दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे ज्या मागे पडल्या त्या. ती वर्षं कशी गेली ते घरात कोणी बोलत नसे. वहिनी शिवणकाम करू लागली, दादाने दाढी करणं सोडलं, आई त्याच्या पानात वाढताना आवाज न करता वाढी. मग तो हळूहळू सावरला. आणि तेव्हापासून एकच वाक्य धरून बसला – "माल चांगला होता. लोकांना कळलं नाही." हे वाक्य तो पंचवीस वर्षं बोलत आला होता, दाढी करताना, बस चुकल्यावर, कुणाच्या लग्नात. त्या वाक्यावरच तो उभा होता असं म्हटलं तरी चालेल.

म्हणून या खेपेला तो स्वतः ठरवायला तयार नव्हता. "धाकट्या, तू सांग. तू रोज दोन्ही शेजारी शेजारी बघतोस. माझ्या डोळ्यांचा काय भरवसा, त्यांनी एकदा मला बुडवलंय."

आणि मी सांगितलं. मी त्याला याच खोलीत बसवलं, मधल्या खुर्चीवर, दिवा घालवला, आणि म्हटलं, डोळ्यांना विचार. शिवाय... इतरांना म्हणत नसे ते त्याला म्हणालो. दादा, माझ्यावर सोड. पिवळंच. शंकाच नको.

दादाने जुन्या डिस्क वजनावर काढून टाकल्या आणि दुकान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पिवळं केलं. बाहेर पाटीही पिवळी.

दुपारी मालक खोलीत आले. ते घाईत नव्हते. ते कधीच घाईत नसत. पिवळ्या गटाची एजन्सी त्यांचीच होती, पण त्यांच्या चेहऱ्यावर नुकसान दिसत नव्हतं. त्यांच्याकडे फ्रिज होते, पंखे होते, निळ्याचीही बोलणी बहुधा आधीच झाली होती. दाराच्या चौकटीला टेकून त्यांनी दोन्ही बगळे पाहिले.

"संध्याकाळपर्यंत हे पिवळं उतरव," ते म्हणाले. "डावीकडे साधा जुना प्लेअर जोड, जुनी डिस्क लाव. उद्यापासून जुनं विरुद्ध निळं."

"बरं."

"आणि आता डाव्याला घे दोन घरं मागे. उजव्याचं पूर्ववत कर. तीन नको रे बाबा. तीन केलं की लोकांना कळतं."

ते निघून गेले. बाहेर कुणालातरी पंख्याची पाती दाखवत असल्याचा त्यांचा आवाज आला.

उजव्याचं पूर्ववत कर. त्याला आधी अर्थच लागेना. दोन घरं... मग त्याने उजव्या टीव्हीचा रिमोट उचलला आणि कोपऱ्यातलं ते चौकोनी बटण दाबलं. पडद्यावर यादी उघडली. उजेड, रंग, रेखीवपणा. प्रत्येकापुढे लहान लहान घरांची पट्टी. उजेड दोन घरं मागे. रंग दोन घरं मागे. रेखीवपणा दोन घरं मागे. त्याने डाव्याची यादी उघडली. तिथे सगळं मधोमध होतं, टीव्ही खोक्यातून निघतो तेव्हा असतं तसं.

कोणी केलं हे?

आणि हा प्रश्न पुरता विचारून व्हायच्या आत त्याला उत्तर माहीत होतं, कारण त्याच्या अंगठ्याला माहीत होतं. खोली उघडली त्या सकाळी, रंगाचा वास अजून जात नव्हता, मालक मागे उभे, आणि तो स्वतः रिमोट धरून – एक... दोन... बस, थांब. मालक म्हणाले होते, सगळीकडे करतात, आपण एकटे आहोत होय? पलीकडच्या दुकानात पिवळ्याला मागे घेतलं असेल. तोही हसला होता. पहिले काही दिवस गिऱ्हाईक डावीकडे बोट दाखवी तेव्हा मनातल्या मनात त्याला गंमत वाटे, जादूगाराला वाटत असेल तशी. मग गंमत ओसरली. मग नुसतं काम उरलं. सकाळी दिवे, दोन्ही टीव्ही चालू, बगळा, मासा. आणि कधीतरी, कोणत्या दिवशी ते शोधून सापडणार नाही, कारण तो दिवस इतर दिवसांसारखाच असणार, तो डावीकडे बघून स्वतःशीच म्हणाला असणार, खरंच, पिवळंच चांगलं.

मी खोटं बोललो नाही. हे मला कुणाला सांगायचं झालं तर कोण मानेल? मी दादाला फसवलं असतं तर गोष्ट सोपी होती. मला दिसत होतं ते मी सांगितलं. मला रोज दिसत होतं. मी माझ्या डोळ्यांनी...

त्याने उजवीकडच्या पट्ट्या एकेक घर पुढे आणल्या. एक, दोन. एक, दोन. एक, दोन. यादी बंद केली आणि मागे सरकून उभा राहिला. दोन्हीकडे पाणी सारखंच चमकत होतं, दोन्हीकडे पायाजवळचा चिखल सारखाच तपकिरी. डावा बगळा, उजवा बगळा. तो एकाकडून दुसऱ्याकडे नजर फिरवत राहिला. फरक नव्हता. कुणी प्लेअर झाकून पिवळं कोणतं असं विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं.

वहिनीचा फोन काउंटरवर आला. हिशेबाची बाई हाक मारत होती.

"भावजी, हे निघालेत तुमच्याकडे. सकाळपासून दुकान उघडून नुसते बसले होते. मघाशी उठले, दाढी केली आणि निघाले."

"दाढी केली?"

"हो ना. तेच मला... जेवले नाहीत. मी म्हटलं, रडा तरी. तर म्हणतात, रडायचं काय त्यात, माल चांगला होता." मागे चालू असलेला शिलाई यंत्राचा आवाज थांबला. "तुम्ही काही बोलू नका त्यांना. म्हणजे बोला, पण तेवढं एक राहू द्या. आणि मला खरं सांगा भावजी, चांगलंच होतं ना हो ते? मला काय कळतंय त्यातलं. पण मागच्या खेपेला तेवढ्यावर हा माणूस उठून उभा राहिला. आता पन्नाशी उलटलीय."

समोर हिशेबाची बाई पेन्सिलने कान खाजवत त्याच्याकडे बघत होती.

"चांगलं होतं," तो म्हणाला.

"मग झालं," वहिनी म्हणाली, आणि यंत्र पुन्हा सुरू झालं.

तो खोलीत परत आला. पिवळा प्लेअर उतरवायला हवा होता, तारा सोडवायला हव्या होत्या, पण त्याने हात लावला नाही. उजवा रिमोट हातात घेतला. दादा यायच्या आत दोन घरं मागे घेता येतील. फार वेळ लागणार नाही. दादा बसेल, डावीकडे बघेल, आणि त्याचं वाक्य शाबूत राहील. पंचवीस वर्षं पुरलं, अजून तितकी पुरेल. ही फसवणूक की सेवा... पण तेच तर आधीही होतं, दोन घरं, आणि त्याच दोन घरांनी त्याला बुडवलं, आणि आता बुडालेल्याला धरायला तीच द्यायची? आणि नाही घेतलं मागे तर? तर त्याला दोन सारखे बगळे दिसतील, आणि तो माझ्याकडे बघेल. आई त्याला वाढायची तसा, आवाज न करता.

अंगठा बटणावर होता. दारात दादा उभा होता.

गालावर एका बाजूला कापलं होतं, तिथे कागदाचा बारीक कपटा चिकटवलेला. सदरा इस्त्रीचा. तो खोलीत आला, मधली खुर्ची पुढे ओढली आणि बसला, गिऱ्हाइकासारखा.

"काय धाकट्या. तोंड कशाला पाडलंयस? तुझं काय गेलं? तू तर पगारी माणूस."

"दादा..."

"चहा सांगणार असशील तर सांग. बिनसाखरेचा. तुझी वहिनी म्हणते साखर वाढेल. आता काहीतरी वाढू दे म्हटलं." तो स्वतःच हसला, मग डाव्या पडद्याकडे वळला. "उतरवणार का रे हे आज?"

"हो. संध्याकाळी."

"मग एकदा दाखव. शेवटचं."

त्याने दिवा घालवला. रिमोट हातातच राहिला होता, तो त्याने हळूच शेल्फवर ठेवला, बटणं खाली करून. दोन्ही पडद्यांवर बगळा उभा होता. दादा पुढे वाकला, कोपर गुडघ्यांवर, आणि बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर दोन्ही टीव्हींचा उजेड सारखा पडला होता. बगळ्याने मासा पकडला, चित्रण संपलं, पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. दादा डावीकडे बघे, उजवीकडे बघे. धाकटा त्याच्याकडे. आता बोलेल. आता मान वळवून विचारेल, अरे, कुठाय फरक? आणि मग जे सांगायचं ते सांगावंच लागेल, यादी उघडून, घरं मोजून. कदाचित ते बरं होईल. कदाचित मला तेच हवंय.

"बघ," दादा अखेर म्हणाला. आवाज शांत होता, जवळजवळ आनंदी. "बघ रे, आंधळ्यालासुद्धा दिसेल. ते मानेपाशी बघ, पिसांच्या कडेला. इकडे कसं एकेक वेगळं. आणि तिकडे नुसता पांढरा पुंजका. लोकांना कळलं नाही, दुसरं काय."

"दादा, ते दोन्ही..."

"तू बघ आधी. मग बोल."

त्याने पाहिलं. आधी दादाचं मन राखण्यासाठी, मग त्याने बोट दाखवलेल्या जागी, मानेच्या बाकापाशी, जिथे पिसं पाठीवर उतरतात. डावीकडे एकेक पीस सुटं होतं. उजवीकडे ते एकमेकांत मिसळत होतं. त्याने डोळे मिटून पुन्हा उघडले. जागा बदलून पाहिली. मगाशी तिथे काही नव्हतं, त्याने स्वतः पाहिलं होतं, आणि आता होतं, स्पष्ट, बोट ठेवून दाखवता येईल इतकं. हात शेल्फकडे गेला, पट्ट्या पुन्हा पाहाव्यात म्हणून, आणि तिथेच थांबला, कारण पट्ट्या काय दाखवतील ते त्याला माहीत होतं आणि त्याने काही बदलणार नव्हतं. आयुष्यात आणखी काय काय आपण असंच पाहिलं असेल, हा विचार येऊन गेला, थांबला मात्र नाही.

"दिसलं?" दादाने विचारलं.

साडेपाच वाजले होते. दोन्ही टीव्हींच्या पट्ट्या मधोमध होत्या. दादाला डावीकडचं चित्र चांगलं दिसत होतं. त्यालाही.